परदेशी वाद्यवृंद आणि आपले कान

पाश्चात्त्य वाद्यवृंदाचें संगीत आपणांस काय कळणार, असें म्हणून पुष्कळ लोक तें ऐकण्याचें टाळतात. आमच्या मतें हें योग्य नव्हे. फिन्लंडचे संगीतकार एइनोयुहानी राउटावारा (१९२८–२०१६) यांची १९७२ सालची ‘कान्टुस आर्क्टिकुस’ ही रचनाच पाहा. तींत वाद्यांच्या जोडीला त्या देशाच्या उत्तर भागांतील पक्ष्यांचे ध्वनिमुद्रित आवाज आहेत. दुसऱ्या भागांत चंडोलाच्या जातीच्या एका पक्ष्याचा स्वर संथ करून दोन सप्तकें खालीं उतरविला आहे. त्यामुळें तो इवलासा जीव जणूं परलोकांतून बोलतो असें वाटतें. शेवटीं हंसांचे थवे दूर दूर जात विरून जातात.

येथें शब्द नाहींत, म्हणून भाषेची अडचणहि नाहीं. रागाच्या आलापीस जो धीर लागतो, तोच येथें पुरतो. मुंबईंत २००६ सालीं ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ स्थापन झाला. परंतु ध्वनिमुद्रण तर मलकापुरांत घरबसल्याहि ऐकतां येतें. ही रचना सुमारें १८ मिनिटांची आहे. पालकहो, मुलांसह तेवढा वेळ स्वस्थ बसा. कर्ण्यांच्या गोंगाटास सरावलेल्या कानांना कोयनाकांठचे पक्षीहि ऐकूं येत नाहींत. विद्यार्थिमित्रांनो, दूरदेशींचे हंस लक्षपूर्वक ऐकाल, तर आपल्या आंब्यावरचा कोकीळहि तुम्हांस नव्यानें ऐकूं येईल.