संस्थेचें संकेतस्थळ साधें असावें

आपल्या संस्थेनें स्वतःचें संकेतस्थळ काढावें, ही सूचना व्यवस्थापक मंडळापुढें आली असून तिला आमची संमति आहे. परंतु तिच्यासोबत जो आराखडा आला आहे, तो वाचून दोन शब्द लिहिणें आम्हांस भाग पडत आहे. आराखड्यांत हलतीं चित्रें आहेत, प्रश्नांस आपोआप उत्तर देणारें यंत्र आहे, आणि प्रत्येक सभासदानें आपला आधार क्रमांक, बँकेचें खातें व सातबाऱ्याची नक्कल देऊन आंत प्रवेश करावयाचा आहे. पहिल्या दोन गोष्टी केवळ खर्चाच्या आहेत. तिसरी धोक्याची आहे, आणि आमचा मुख्य आक्षेप तिलाच आहे.

आम्हीं सारा जन्म महसुली कचेरींत कारकुनी केली. तेथें एक गोष्ट पक्की समजली कीं, जो कागद आपण मागून घेतला, तो सांभाळण्याचें ओझेंही आपणच उचललें. जो मागितलाच नाहीं तो हरवत नाहीं, चोरीस जात नाहीं, आणि त्यांत कोणी खाडाखोडही करूं शकत नाहीं. सातबारा सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर पाहावयास मिळतो. डिजिटल सहीचा उतारा 1 मे 2018 पासून घरबसल्या निघूं लागला. मग त्याच नकला पुन्हां आपल्या दप्तरीं गोळा करण्याचें प्रयोजन काय? 2023 सालच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानें तर अशी माहिती जो गोळा करील, त्याच्यावरच ती राखण्याची जबाबदारी टाकली आहे.

याहूनही मोठें कारण आहे. पीएम किसान योजनेच्या नांवानें व्हॉट्सॲपवर खोट्या एपीके फाईली फिरल्या, हें वाचकांस ठाऊक आहे. ती फाईल उतरवून घेतली कीं मोबाईल दुसऱ्याच्या ताब्यांत जातो, ओटीपी त्यास दिसतो व खातें रिकामें होतें. शेतकरी फसतो तो अडाणी म्हणून नव्हे. जो तो त्याजकडे आधार मागतो, ओटीपी मागतो. त्यामुळें खरा मागणारा कोण व खोटा कोण, हें ओळखण्याची सोयच उरलेली नाहीं. आमचें संकेतस्थळ कधींही कांहीं मागत नाहीं व कांहीं उतरवून घ्यावयास सांगत नाहीं, असें संस्थेनें एकदा जाहीर केलें, म्हणजे संस्थेच्या नांवानें मागणारा तो ठग, हें सभासदाच्या नातवासही कळेल.

आतां बांधणीविषयीं. बहुतेक संकेतस्थळें वाचक आला कीं माहितीच्या कोठारांतून प्रत्येक पान नव्यानें जुळवितात, व त्यासाठीं नाना ठिकाणचीं जोडयंत्रें वापरतात. प्रत्येक जोडयंत्र म्हणजे वाड्यास पाडलेलें एक एक दार होय. त्याची डागडुजी वेळेवर न झाल्यास चोर तेथूनच शिरतो. उलटपक्षीं एचटीएमएल या साध्या खुणांच्या लिपींत आधींच तयार करून ठेवलेलें पान हें चावडीवर चिकटविलेल्या नोटिशीसारखें असतें. येणारा वाचतो व जातो. 1991 सालीं टिम बर्नर्स-ली यांनीं जगांतील पहिलें संकेतस्थळ याच लिपींत लिहिलें, आणि तसें लिहिलेलें पान आजचा मोबाईलही वाचतो. याच्या उलट फ्लॅश नांवाच्या साधनाची एके काळीं केवढी चलती होती! 31 डिसेंबर 2020 रोजीं त्याच्या कंपनीनेंच त्याचा आधार काढून घेतला, आणि त्यावर उभारलेलीं दिमाखदार पानें एकाएकीं मुकी झालीं.

आपल्या शहरास मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या आरंभीं जी नहर आणली, ती पाणी उताराच्या बळावर भूमिगत मार्गानें आणीत असे, आणि साफसफाईसाठीं मधून मधून विवरें ठेवलेलीं होतीं. बिघडलें तर कोठें उतरावयाचें, हें बांधणारानेंच ठरवून ठेवलें होतें. आराखड्यांत आम्हीं असें विवर शोधलें. तें सांपडलें नाहीं.

मजकूर युनिकोड मराठींत असावा, चित्र करून चिकटविलेला नसावा. आमच्या नोकरीच्या काळांत एका टंकांत केलेल्या याद्या दुसऱ्या संगणकावर उघडल्या, तों गांवाचें नांवही वाचतां येईना. त्या सर्व पुन्हां हातानें टंकाव्या लागल्या. पत्त्यामागें एचटीटीपीएसचें कुलूप अवश्य असावें. तें लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था 2015 च्या अखेरीपासून फुकट देत आहे. मात्र त्या कुलुपानें वाटेंत कोणी मजकूर बदलूं शकत नाहीं, इतकेंच सिद्ध होतें. पलीकडचा मनुष्य सज्जन आहे, असें नव्हे.

संकेतस्थळाचें नांव संस्थेच्याच नांवें नोंदलेलें असावें, हें कलम आम्हीं अनुभवानें लिहीत आहों. आम्ही ज्या दुसऱ्या एका संस्थेचे सभासद आहों, तिचें नांव काम करणाऱ्या तरुणानें स्वतःच्या खात्यावर नोंदविलें. पुढें बिनसलें, नूतनीकरण राहिलें, नांव परक्यानें घेतलें, आणि सभासद जेथें खतांच्या साठ्याची चौकशी करावयास जात, तेथें जुगाराच्या जाहिराती दिसूं लागल्या. ती संस्था आजही जुने पत्रकागद वापरीत आहे, व त्यांवर तोच पत्ता छापलेला आहे!

कर्जाची बाकी व लाभांश घरबसल्या दिसावा, असें कांहीं तरुण सभासद म्हणतात. मागणी रास्त आहे. परंतु तें काम वेगळें, खर्चाचें व कायम देखभालीचें आहे. तें सूचनाफलकाच्या पाठीवर लादूं नये. तोंवर बाकी कार्यालयांत वही पाहून सांगावी.

मंडळास आमची विनंति एवढीच कीं, मक्ता देण्यापूर्वीं बांधणारास सोयगांव किंवा कन्नड तालुक्यांतील एकाद्या डोंगराळ गांवीं न्यावें, जेथें मोबाईलची रेघ जेमतेम लागते. तेथें एका सभासदाच्या स्वस्त मोबाईलवर त्यानें आपलें पान उघडून दाखवावें. सर्व पानांची एक प्रत पेनड्राईव्हवर घालून ती चिटणीसांच्या कपाटांत ठेवावी, आणि कपाटाची दुसरी किल्ली अध्यक्षांकडे असावी.