खोली मोजायची तर आधी तापमान घ्या

वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आपल्या सागरी आर्थिक क्षेत्राच्या तळाचा नकाशा करण्याचे काम आहे. असे नकाशे पाहताना एक गोष्ट सहज विसरली जाते: सोनार यंत्रणा खोली मोजतच नाही. आवाज तळावर आपटून परत यायला किती वेळ लागला, एवढेच ती सांगते. खोली काढायची तर पाण्यातला आवाजाचा वेग ठाऊक हवा. तो सेकंदाला साधारण 1500 मीटर. पण तापमान, क्षारता आणि दाब यांनुसार बदलतो. नुसते तापमान एका अंशाने वाढले, तरी कोमट पाण्यात वेग सुमारे दोन मीटरने वाढतो, गार पाण्यात चार मीटरने.

अरबी समुद्र वरती 28 अंशांच्या आसपास असतो, हजार मीटरवर दहाच्याही खाली. थरागणिक वेग बदलला की तिरपा आवाज वाकतो. जहाजाच्या थेट खाली जाणारा झोत सरळ उतरतो, तिथली चूक थोडी. एकाच वेळी अनेक झोत सोडणाऱ्या मल्टिबीम सोनारच्या कडेचे झोत मात्र वळत वळत जातात. वेगाचे गणित चुकले की सपाट तळ पडद्यावर दोन्ही कडांना उचललेला नाहीतर झुकलेला दिसतो आणि शेजारच्या पट्ट्याशी त्याची सांधेजोड होत नाही.

यावर एक्सबीटी हा जुना, चोख उपाय आहे. टोकाशी तापमापक असलेली ही छोटी नळी चालत्या जहाजावरून सोडतात. नळीतून आणि जहाजावरच्या रिळातून केसासारखी तांब्याची तार उलगडत जाते आणि तिच्यातूनच तापमान वर येते. नळी किती खोल गेली ते पडण्याच्या वेळेवरून काढतात. शेवटी तार तुटते, नळी तळाला जाते. हा कचरा समुद्रातच राहतो, ते मला खटकते. तरी मोजमाप टाळणे त्याहून वाईट.

पावसाळ्यात गोवा-कोकणाच्या किनाऱ्याजवळ खालचे गार पाणी वर चढते, त्यावर नद्यांचे गोडे पाणी पसरते. तिथे सकाळच्या एका नोंदीवर दिवसभराचे काम उरकणे चुकीचेच. एक्सबीटी फक्त तापमान देते, म्हणून क्षारताही वेगळी मोजायला हवी.

या नोंदी नकाशासोबत जपाव्यात, असा माझा आग्रह आहे. आवाजाच्या मूळ वेळा, झोतांचे कोन आणि तापमानाचा आलेख हाती असेल तर वीस वर्षांनीही नकाशा सुधारता येतो. नुसते खोलीचे आकडे उरले तर नाही. जगाच्या सागरतळाचा जेमतेम 27 टक्के भाग 2025 च्या मध्यापर्यंत नीट मोजून झाला होता. उरलेल्यासाठी घाई होणारच. म्हणून सर्वेक्षणाच्या प्रत्येक करारात या नोंदींसाठी वेगळा निधी हवा, आणि त्या हैदराबादच्या इन्कॉइस या महासागर माहिती सेवा केंद्राकडे सोपवण्याची अटही.