गोट्याला घर मिळाले ते कुणामुळे?

ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच. हा पोरका मुलगा आधी पुस्तकांतून आणि पुढे १९९०च्या सुमारास दूरदर्शनच्या मालिकेतून घरोघरी पोहोचला. हुशार, खोडकर, स्वाभिमानी, अडचणीत न डगमगणारा असा तो आपल्या लक्षात राहिला. अनाथ मुलांवरच्या बहुतेक कथा-कादंबऱ्या आपण याच नजरेने वाचतो आणि दहावी-बारावीच्या निकालानंतर येणाऱ्या बातम्याही याच सुरात लिहिल्या जातात: आईबाप नाहीत, तरी पोराने परिस्थितीवर मात केली. ही दाद खोटी नाही, पण ती अर्धीच आहे. गोट्याची जिद्द फळाला येते, कारण एक कुटुंब त्याला आपले म्हणते. त्याच्या खोड्या खोड्याच राहतात, त्यांचे गुन्हे होत नाहीत, कारण त्याच्या मागे उभे राहणारे कुणीतरी आहे. माझे म्हणणे एवढेच, की अनाथ मुलाचा चिवटपणा हा समाजाने गृहीत धरण्याचा गुण नाही. तो टिकायला त्या मुलाजवळ एक तरी कायमचे माणूस लागते, आणि ते माणूस मिळवून देणे हे मुलाचे काम नाही, आपले आहे. अहिल्यानगर जिल्ह्याने या बाबतीत बरेच काही करून दाखवले आहे. म्हणूनच पुढची जबाबदारीही याच जिल्ह्याने आधी उचलावी.

जगभर गाजलेल्या अनाथ नायिकांमध्ये कॅनडातल्या लूसी मॉड माँटगोमेरी यांची ॲन अग्रभागी आहे. १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कादंबरीत शेतावर राहणारे अविवाहित भाऊ-बहीण कामाला हात लागेल म्हणून एक मुलगा मागवतात आणि चुकून अकरा वर्षांची मुलगी येऊन उभी राहते. ॲनची कल्पनाशक्ती, बडबड, रागीटपणा यांवर वाचक लुब्ध होतात. पण कादंबरीचा कणा वेगळाच आहे: आपल्याला नको असलेले मूल परत पाठवायचे की ठेवून घ्यायचे, हा दोन प्रौढ माणसांपुढचा निर्णय. ते तिला ठेवून घेतात, म्हणून पुढची सगळी कथा घडते. लेखिकेचे स्वतःचे आयुष्यही याला साक्ष आहे. ती दोन वर्षांचीही नसताना आई क्षयाने गेली आणि तिला आजी-आजोबांनी वाढवले. घर शिस्तीचे होते, एकटेपणही होते. पण घर होते. ॲनचे अकरा हे वय लक्षात ठेवण्यासारखे आहे. आज आपल्याकडे दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या बहुतेक पालकांना दोन वर्षांच्या आतले बाळ हवे असते. अकरा वर्षांची ॲन आपल्या यादीत बहुधा शेवटपर्यंत थांबून राहिली असती.

एकट्याच्या बळावर उभे राहिलेले मूल म्हणून पंडिता रमाबाईंचे नाव सहज घेतले जाते. १८७४च्या दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने त्यांचे आई-वडील गेले, मागोमाग थोरली बहीण गेली. सोळा-सतरा वर्षांची ही मुलगी पुढे पायी देश तुडवत १८७८ साली कोलकात्याला पोहोचली आणि तिथल्या विद्वानांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पण त्या वाटेवर त्या एकट्या नव्हत्या. भाऊ श्रीनिवास बरोबर होता, आणि वाट सुरू होण्याआधीच आईने त्यांना संस्कृत शिकवले होते. त्यांच्या तेजामागे ही दोन माणसे होती. आधुनिक संशोधनही हेच सांगते. हवाई बेटांपैकी कौआई इथे १९५५ साली जन्मलेल्या सुमारे सातशे मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी अनेक दशके मागोवा घेतला. गरिबी, कलह, आजारपण यांत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुले चांगली मार्गी लागली, आणि त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी मायेचे, भरवशाचे प्रौढ माणूस होते, असे त्यांना आढळले. रुमानियात बुखारेस्टच्या संस्थांमधील १३६ बालकांचा अभ्यास त्याहून नेमका आहे. त्यांतील निम्मी बालके संगोपनकर्त्या कुटुंबांत ठेवली गेली. बुद्धीची वाढ, मेंदूचे कार्य, माणसांशी जुळणारे नाते, सगळ्यांत ही मुले संस्थेत राहिलेल्यांपेक्षा सरस ठरली. आणि जी लवकर कुटुंबात गेली त्यांना सर्वाधिक लाभ झाला. मुले जन्मतः सारखीच होती. फरक घराने केला.

पूर्वीच्या नगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. पर्जन्यछायेतला हा मुलूख. दुष्काळ पडला की माणसे देशोधडीला लागत आणि मुले मागे उरत. १८९९-१९००च्या भीषण दुष्काळात नगरला मुख्य ठाणे असलेल्या अमेरिकन मराठी मिशनने शेकडो अनाथ मुलांना आसरा दिला, त्यांना शाळेत घातले, सुतारकी आणि विणकामासारखे हुन्नर शिकवले. त्या काळी जीव वाचवणे हेच मोठे काम होते. पुढे १९८९ साली गिरीश कुलकर्णी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी नगरमध्ये स्नेहालय सुरू केले, ते देहविक्रयाच्या वस्तीतील मुलांसाठी. एचआयव्हीबाधित मुलांना कुणी जवळ करत नव्हते तेव्हा या संस्थेने केले. तिच्याच स्नेहांकुर प्रकल्पातून नको असलेल्या किंवा टाकून दिलेल्या बाळांना दत्तक कुटुंबे मिळाली. शिंगवे इथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी माउली सेवा प्रतिष्ठान उभारले. त्यांतल्या काहींची मुले तिथे आईच्या सावलीत वाढतात. आई आजारी आहे म्हणून मूल तिच्यापासून तोडायचे नाही, हा विचार कोणत्याही धोरणापेक्षा पुढचा आहे. एवढी पुण्याई क्वचितच एखाद्या जिल्ह्याच्या पदरी असेल.

तरीही आपण सगळ्यांनी या कामाकडे पाहण्याची पद्धत बदललेली नाही. अनाथ मुलांसाठी काही करायचे म्हणजे बालगृहात वाढदिवसाचे जेवण द्यायचे, वह्या-गणवेश वाटायचे, खोलीला आजोबांचे नाव द्यायचे. हे सगळे सद्भावनेने होते. मुलाला मात्र दर रविवारी नवे पाहुणे भेटतात आणि संध्याकाळी ते निघून जातात. काळजीवाहू ताई-दादा बदलतात, आणि अठरा वर्षे भरली की बालगृहही सुटते. त्यानंतर राहण्यासाठी अनुरक्षण गृहाची सोय कायद्यात आहे, पण ती काही वर्षांपुरतीच. नोकरी गेली, लग्न ठरले, बाळंतपण आले तर जायचे कुठे, याचे उत्तर त्यात नाही. २०१५च्या बाल न्याय कायद्यात संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. व्यवहारात तो बहुधा पहिला असतो. बालगृहांतील अनेक मुलांची आई किंवा वडील हयात असतात. बाप गेलेला, आई ऊसतोडीला जाणारी. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या गावांना हे चित्र अपरिचित नाही. कोयता घेऊन सहा महिने परमुलखात जाणाऱ्या बाईपुढे लेकराला वसतिगृहात टाकण्यावाचून दुसरा मार्ग राहत नाही. अशा मुलाला नवे घर शोधायचे नसते, असलेले घर टिकवायचे असते.

त्यासाठी राज्याकडे क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना आहे. आजी, मामा, काकू किंवा एकटी आई यांच्याकडे वाढणाऱ्या मुलासाठी तीत दरमहा २,२५० रुपये मिळतात, म्हणजे दिवसाला ७५ रुपये. कोरोनाकाळात अकोले तालुक्यातील शिक्षक-कार्यकर्ते हेरंब कुलकर्णी यांनी पती गमावलेल्या एकल महिलांसाठी राज्यभर काम उभे केले, तेव्हा अशा योजनांची माहितीच गावोगावी पोहोचलेली नाही हे ठळकपणे दिसले. कोरोनात दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे सरकारने पाच लाखांची ठेव ठेवली, ते योग्यच झाले. पण ठेव मोठेपणी हाती येते, आणि मुलाला तापाच्या रात्री उशाशी माणूस आजच लागते. त्या माणसाचा हात बळकट करणारी रक्कम महिन्याच्या महिन्याला मिळणे अधिक मोलाचे आहे. ती महिनोन्महिने रखडते ही तक्रार सतत येत असते. सत्तरीच्या आजीला तालुक्याला दहा हेलपाटे घालायला लावणारी योजना कागदावर कितीही उदार असली, तरी ती नातवाला बालगृहाच्याच दिशेने ढकलते.

ज्यांना कुणीच नाही, त्यांच्यासाठी दत्तक आणि प्रतिपालन, म्हणजे दत्तक न घेता मूल आपल्या घरी वाढवणे, हे दोन मार्ग आहेत. देशात नोंदणी करून वाट पाहणाऱ्या पालकांची संख्या तीस हजारांहून अधिक आहे आणि त्यांना वर्षानुवर्षे थांबावे लागते. त्याच वेळी मोठी मुले, भावंडांच्या जोड्या आणि अपंग मुले संस्थांत तशीच राहतात. सप्टेंबर २०२२पासून दत्तकाचा आदेश देण्याचे अधिकार न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे आले आहेत. २०२४च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी एकट्या व्यक्तीलाही मुलाचे प्रतिपालन करण्याची मुभा दिली आणि प्रतिपालनातील मूल दत्तक घेण्यासाठीची मुदत पाच वर्षांवरून दोन वर्षांवर आणली. सहा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी हा फार मोठा दरवाजा उघडला आहे. त्याची खबर मात्र सामान्य कुटुंबांना जवळजवळ नाही.

यावर पहिला गंभीर आक्षेप असा, की कुटुंब म्हणजे सुरक्षितता नव्हे. नातेवाइकांकडे अनाथ मुलीला धुणीभांडी करावी लागतात, तिचे लवकर लग्न लावून दिले जाते, अत्याचारही होतात. निदान संस्थेवर सरकारची नजर असते. हा आक्षेप अनुभवातून आला आहे आणि तो झटकता येणार नाही. पण बंद दाराआड अत्याचार संस्थांतही झाले आहेत. मुलाचे रक्षण करते ती देखरेख, मग ते कुठेही राहो. म्हणून कुटुंब निवडण्याआधी गृहभेट, नंतर ठरलेल्या अंतराने भेटी, शाळेतील हजेरीवर लक्ष आणि मुलाशी एकांतात बोलणारा प्रशिक्षित कार्यकर्ता ही खर्चाची बाब मानून तिची तरतूद करायला हवी. गावपातळीवर बाल संरक्षण समित्या स्थापन करण्याचे धोरण आहेच. त्या कागदावरून उतरून वस्तीत फिरल्या तर गावाइतकी बारीक नजर दुसऱ्या कुणाची नाही.

दुसरा आक्षेप रक्ताचा आहे. परके मूल, त्याची जात कोणती, मोठे मूल आपल्याला जीव लावील का, भावकीत वाटणी कशी होईल, असे प्रश्न उघडपणे नाही तरी मनात विचारले जातात. याचे उत्तर महाराष्ट्राने दीडशे वर्षांपूर्वी दिले आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि काशीबाई या ब्राह्मण विधवेच्या मुलाला दत्तक घेतले. तो यशवंत डॉक्टर झाला. १८९७च्या प्लेगमध्ये त्याच्या दवाखान्यात रुग्णसेवा करतानाच सावित्रीबाईंना मृत्यू आला. आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो, त्यांच्या नावाने योजना चालवतो. त्यांनी स्वतःच्या घरात जे केले तेही अनुकरणाच्या यादीत असायला हवे. मोठे मूल जवळ यायला वेळ घेते, रागावते, पारखून पाहते, हे खरे आहे. ज्याने आधी एक घर गमावले आहे त्याने दुसऱ्यावर पटकन विश्वास का ठेवावा? तिथे समुपदेशकाची मदत लागते आणि धीर लागतो. ॲनलाही घरात रुळायला वेळ लागलाच होता.

असाही आक्षेप येईल, की अशा लेखनाने आयुष्य वेचून संस्था चालवणाऱ्यांचा अवमान होतो. मला तसे वाटत नाही. दत्तक संस्थेचे यश तिचे पाळणे रिकामे होण्यातच असते, आणि स्नेहांकुरसारखे प्रकल्प तेच करत आले आहेत. काही मुलांना संस्था कायम लागणार आहे: ज्यांचे घरच घातक आहे, ज्यांना विशेष उपचारांची गरज आहे, जी वयाने नव्या कुटुंबात जाण्यापलीकडे आली आहेत. त्यांच्यासाठी लहान, घरगुती, माणसे न बदलणाऱ्या संस्था हव्यात. बाकीच्यांसाठी याच संस्थांचा अनुभव कुटुंबे शोधण्यात, तयार करण्यात आणि सांभाळण्यात लागला तर तो दहापट मुलांपर्यंत पोहोचेल.

म्हणून जिल्ह्यापुढे मागण्या स्पष्ट ठेवाव्यात. एक किंवा दोन्ही पालक गमावलेल्या प्रत्येक मुलाची ग्रामपंचायतीने नोंद घ्यावी आणि बाल संगोपनाचा अर्ज गावातच भरून घ्यावा. पैसे दरमहा ठरल्या तारखेला खात्यात जमा व्हावेत. प्रतिपालनासाठी तयार असलेल्या कुटुंबांची जिल्हास्तरावर नोंदणी, पडताळणी आणि प्रशिक्षण व्हावे. राज्याने २०१८मध्ये अनाथांना नोकरी-शिक्षणात एक टक्का समांतर आरक्षण दिले. त्यासाठीचे प्रमाणपत्र मूल अठरा वर्षांचे होण्याआधीच त्याच्या हाती पडावे. आणि देणगीदारांनी एका दिवसाच्या जेवणाऐवजी एका मुलाची दहा वर्षे सोबत करण्याची तयारी दाखवावी: त्याच्या शाळेत जाणे, दिवाळीला घरी आणणे, नोकरी गेल्यावर फोन उचलणे. अनाथ मुलाने जगावर मात करून दाखवावी ही अपेक्षा क्रूर आहे. त्याला इतर मुलांसारखे नापास होण्याचा, रुसण्याचा, हट्ट करण्याचा आणि तरीही घरातच राहण्याचा हक्क आहे. अहिल्यादेवींचा जन्म चौंडीचा. त्यांचे नाव आता या जिल्ह्याने धारण केले आहे. ते नाव शोभायचे असेल, तर इथल्या प्रत्येक पोरक्या मुलाला त्याच्या नावाने हाक मारणारे एक कायमचे माणूस मिळवून देण्याचे काम जिल्ह्याने हाती घ्यावे.