विश्लेषण : ई-सायकलवरून ‘वाइन सफर’ पुण्याजवळ शक्य आहे का?

फ्रान्समधील बोर्दो, इटलीतील टस्कनी किंवा जर्मनीतील मोझेल नदीच्या खोऱ्यात पर्यटक ई-सायकल भाड्याने घेतात आणि एका द्राक्षमळ्यातून दुसऱ्या मळ्यात फिरतात. वाइननिर्मितीत महाराष्ट्र देशात आघाडीवर आहे आणि पुण्यापासून वाइनरीही फार लांब नाहीत. मग बिबवेवाडीतून अशी सफर करता येईल का? अंतर, रस्ते आणि कायदा काय सांगतो, याचा आढावा.

पुण्याजवळ वाइनरी कुठे?

दौंड तालुक्यात पाटसच्या पुढे रोटी येथे ‘फोर सीझन्स’चा द्राक्षमळा आणि वाइनरी आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूज परिसरात ‘फ्रातेली’ आहे. नारायणगावला ‘शातो इंडाज’ने १९८०च्या दशकात वाइननिर्मिती सुरू केली होती, पण ती कंपनी पुढे कर्जात बुडाली. द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी राज्य सरकारने २००१ मध्ये धोरण आणले आणि त्यानंतर या उद्योगाला वेग आला. नाशिकमध्ये ‘सुला’ने २००५ मध्ये पर्यटकांसाठी वाइन चाखण्याचे दालन उघडले. वाइनरी पाहायला जाणे ही कल्पना मराठी माणसाला परिचित झाली ती तेव्हापासून.

बॅटरी कुठपर्यंत साथ देईल?

साधारण ई-सायकलची बॅटरी ४०० ते ५०० वॉट-तासांची असते, म्हणजे एका चार्जिंगला जेमतेम अर्धा युनिट वीज लागते. पेडल मारत गेल्यास ३० ते ५० किलोमीटर अंतर कापता येते. चढ, वारा आणि वजन यानुसार ते कमी-जास्त होते. बिबवेवाडी ते रोटी हे अंतर एका बाजूने सत्तर-ऐंशी किलोमीटर आहे. त्यामुळे घरातून निघून संध्याकाळी परत, हा बेत जमणारा नाही. सायकल गाडीवर लादून पाटसपर्यंत न्यायची आणि पुढे चालवायची, हाच व्यवहार्य मार्ग.

नाशिकची गोष्ट वेगळी. तिथे गंगापूर धरणाच्या परिसरात ‘सुला’, ‘सोमा’, ‘यॉर्क’ या वाइनरी एकमेकींपासून काही किलोमीटरवर आहेत. ई-सायकलला हेच अंतर मानवते. शिवाय नाशिकला सायकलची परंपरा आहे. ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही स्पर्धा २०१५ मध्ये पूर्ण करणारे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू नाशिकचेच. पुण्याजवळच्या वाइनरी मात्र विखुरलेल्या आहेत. इथे ‘सफर’ म्हणजे बहुधा एकाच ठिकाणची भेट.

ई-सायकल आणि ई-बाइक यांत फरक काय?

बोलताना दोन्ही शब्द सरसकट वापरले जातात, पण कायद्यात फरक मोठा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तसेच पुण्यातील ‘एआरएआय’सारख्या अधिकृत संस्थेने ते तपासून प्रमाणित केले असेल, तर ते वाहन ‘मोटार वाहन’ ठरत नाही. त्याला नोंदणी, विमा, परवाना लागत नाही. त्यापेक्षा ताकदीची ई-स्कूटर किंवा मोटर बदलून वेग वाढवलेली सायकल मात्र मोटार वाहनच. त्यामुळे भाड्याने घेताना प्रमाणपत्र विचारणे गरजेचे.

वाइन चाखून सायकल चालवली तर?

खरा पेच इथे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार दंड किंवा दोन्ही. हे कलम मोटार वाहनापुरते आहे, त्यामुळे प्रमाणित ई-सायकल त्यातून निसटते. पण म्हणून मोकळे रान मिळत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर कोणतेही वाहन बेदरकारपणे चालवणाऱ्याला लागू होते. कलम ३५५ नशेत सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन करणाऱ्याला लागू होते. महाराष्ट्र दारूबंदी कायदा आहेच.

‘चार घोटांनी काय होते?’ हा युक्तिवादही टिकत नाही. तीस मिलिलिटरचे पाच नमुने म्हणजे दीडशे मिलिलिटर वाइन. साडेबारा टक्के तीव्रता धरली तर शरीरात सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल जाते. रिकाम्या पोटी ६५ किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात हे प्रमाण ढोबळमानाने ३५ मिलिग्रॅमच्या आसपास, तर ५५ किलो वजनाच्या स्त्रीच्या रक्तात ५० च्या आसपास पोहोचू शकते. म्हणजे घोट पोटात गेले तर मोटार वाहनाची मर्यादा नुसत्या चाखण्यानेही ओलांडली जाऊ शकते. ई-सायकलला विम्याची सक्ती नाही, ही सवलत अपघातानंतर उलटते. विमा काढलेला नसेल, तर धडक बसलेल्या पादचाऱ्याची भरपाई चालवणाऱ्याच्याच खिशातून जाते.

रस्त्यांचे काय?

रोटीचा रस्ता म्हणजे तुकोबांच्या पालखीचा मार्ग. त्याचे आता राष्ट्रीय महामार्गात रूपांतर झाले आहे. रुंद रस्त्यावर गाड्यांचा वेग वाढतो आणि ताशी २५ किलोमीटरची सायकल तिथे सर्वांत असुरक्षित असते. त्यात द्राक्षकाढणी जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे मळा पाहण्याचा उत्तम काळ आणि ऊसगाळपाचा हंगाम एकाच वेळी येतो. अंधार पडल्यावर मागे दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉली चुकवणे मोटारचालकालाही अवघड जाते.

मग मार्ग काय?

युरोपातील मार्ग चालतात, कारण तिथे मळ्यांमधून जाणारे, मोटारींपासून वेगळे रस्ते आहेत. आपल्याकडे तशी सोय होईपर्यंत क्रम उलटा ठेवणे शहाणपणाचे : सकाळी आधी सायकल, मग वाइन, आणि परतीला न प्यायलेला चालक. चाखायचेच असेल आणि पुन्हा सायकलवर बसायचे असेल, तर जाणकारांप्रमाणे घोट तोंडात फिरवून भांड्यात टाकावा. वाइनरींनीही मुक्काम, चार्जिंग आणि सायकल परत नेण्याची गाडी अशी सोय केली, तर ही सफर सुरक्षित होईल. आसपासच्या गावांतही चार पैसे येतील.