कृपेचा हजेरीपट

उपासना म्हणजे देवापुढे लावलेली हजेरी, अशी आमच्या ख्रिस्ती समाजातील पुष्कळांची समजूत दिसते. हजेरी लागते ती गिरणीत. कारण तिथे मजुरी मिळते. भोंग्यावर वाढलेल्या सोलापुरास हे का सांगावयास हवे? कृपा ही मजुरी नव्हे. ती फुकट, आणि तीही नालायकालाच मिळायची! मग आमच्या देवळात पुढचे बाक कोणाचे, वर्गणी कोणाची मोठी, ही चौकशी कशाला?

चर्चला मराठीत शब्द आहे ‘मंडळी’. केवढा घरगुती! घरची मंडळी जेवायला बसली की पात्रता कोण विचारतो? नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही ख्रिस्तभक्तांनी एकत्र बसावे म्हणून. त्यांची भजने आम्ही आवडीने गातो. दरबाराचे नाव मात्र काढीत नाही.

आठवडाभर विड्या वळून शिणलेली बाई दाराशी घुटमळते. तिला ‘आत या, ताई’ म्हणायला कोणी उठत नाही. अशाने शिस्त मोडेल, असे वडीलधारे म्हणतात. मोडू द्या की! येत्या रविवारी पुढचा बाक रिकामा ठेवा आणि तिला तिथे नेऊन बसवा.