गळाची काठी : दाम मोठे की काम?

पावसाळा ओसरला आणि तळी काठोकाठ भरली, की रायपुरात रविवारी सकाळी स्कूटरला आडव्या बांधलेल्या लांबच लांब काठ्या दिसू लागतात. रायपूर हे मूळचे तळ्यांचे गाव. शहरातला बूढा तालाब आणि तेलीबांधा हे आता फिरायला येणाऱ्यांचे झाले. गळ टाकणारे हौशी लोक मात्र आसपासच्या खेड्यांतली तळी, खारून नदीचे डोह किंवा धमतरीजवळ महानदीवर बांधलेल्या गंगरेल धरणाची वाट धरतात. छत्तीसगढीत या छंदाला ‘गरी खेलना’ म्हणतात. कोकणातल्या माणसाने हा शब्द ऐकला तर त्याला क्षणभर आपल्या गावी आल्यासारखे वाटेल, कारण तिकडेही गळाला ‘गरी’ आणि गळाने मासे धरण्याला ‘गरवणे’ म्हणतात.

गरी खेळायला पूर्वी फार काही लागत नसे. हरेली अमावास्येला मुलांच्या गेड्यांसाठी बांबू येत, त्यातलाच एखादा सरळ, बारीक बांबू निवडायचा, त्याला दहाबारा हात तंगूस, एक गळ, शिशाचा तुकडा आणि हलक्या लाकडाचा तरंगा बांधायचा. आमिषाला गांडूळ किंवा मळलेली कणीक. एवढ्या सामग्रीवर कित्येक पिढ्यांनी रोहू आणि मृगळ घरी नेले. आता दुकानात गेले, किंवा मोबाइलवर नुसते पाहिले, तरी काठ्यांचे शंभर प्रकार समोर येतात. पाचसहाशे रुपयांच्या काठीशेजारीच पंधरा-वीस हजारांची काठी असते, आणि दिसायला दोन्ही काळ्या, चकचकीत. मग घरात प्रश्न उभा राहतो. ‘अहो, माशाला काठीची किंमत कळते का?’ असे घरची मंडळी विचारतात, आणि हौशी गृहस्थाला त्याचे धड उत्तर देता येत नाही.

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर काठी कशासाठी घ्यायची यावर अवलंबून आहे.

यातल्या बऱ्याच काठ्यांवर ‘बास’ असे छापलेले असते. बास हा अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा. तिथे त्याला गळाने धरण्याचे वेड इतके आहे, की त्याच्यासाठी काठ्या, रिळे, नकली आमिषे करण्याचा मोठा धंदाच उभा राहिला. रायगडच्या खाडीतल्या जिताड्यालाही इंग्रजीत बासच म्हणतात, पण तो वेगळा. अमेरिकेतला बास खारूनमध्ये नाही आणि महानदीतही नाही. मग ती काठी इथे काय कामाची? तर आपल्याकडच्या मरळ माशासाठी ती चांगली जमते. मरळही बासप्रमाणेच पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि बेडूक, लहान मासा जवळ आला की झडप घालतो. त्याच्यासाठी रबराचा बेडूक फेकायचा आणि वेलींवरून ओढत आणायचा. मासा लागताच त्याला त्या जंजाळातून बाहेर खेचावे लागते, नाहीतर तो तंगूस वेलींत गुंडाळून मोकळा होतो. म्हणून साडेसहा ते सात फूट लांब, कमरेत कणखर आणि फक्त टोकाशी वाकणारी काठी हवी.

रोहू-कटल्याचे गणित याच्या उलट. तिथे काठावर बसून तरंग्याकडे पाहत राहायचे. रोहूचे ओठ मऊ असतात. कडक काठीने हिसडा दिला तर गळ ओठ फाडून निघून येतो. इथे लांब, लवचिक, जवळजवळ मधल्या भागापर्यंत वाकणारी काठी लागते, म्हणजे मोठ्या माशाचा झटका काठीच सोसते. मरळीची महागडी काठी घेऊन कटल्यापुढे बसणारा माणूस पैसे जास्त मोजून मासे कमी धरतो. निम्म्या लोकांची निराशा इथेच होते आणि दोष काठीला दिला जातो.

किंमत का वाढते, हे समजायला काठीचा थोडा इतिहास उपयोगी पडतो. इंग्रज साहेब हिंदुस्थानात महाशीर धरायला येत, तेव्हा त्यांच्याकडे चिरलेल्या बांबूच्या काठ्या असत. बांबूच्या सहा तिकोनी पट्ट्या तासून, एकमेकींना चिकटवून ती षट्कोनी काठी बनवत. इंग्लंडमध्ये १८७२ साली सुरू झालेल्या हार्डी कंपनीचे नाव अशा काठ्यांमुळे जगभर झाले. शिकारी जिम कॉर्बेट यांनाही महाशीरचे वेड होते, आणि १९४४ साली निघालेल्या त्यांच्या ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ या पुस्तकात वाघांच्या कथांमध्ये एक प्रकरण माशावर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबर ग्लास आले आणि काठी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये विमानांसाठी कार्बनचे धागे विकसित झाले आणि १९७० च्या दशकात त्याच धाग्यांच्या काठ्या बाजारात उतरल्या. आजची महाग काठी म्हणजे बहुतेक वेळा हीच कार्बनची काठी. तिलाच कोणी ग्रॅफाइट म्हणतात.

कार्बन हलका आणि ताठ असतो. जास्त पैसे मोजून मुख्यतः मिळतो तो हा हलकेपणा. मरळीसाठी दिवसभरात दोनशे वेळा आमिष फेकावे लागले, तर पन्नास-साठ ग्रॅमचा फरकही संध्याकाळी मनगटाला कळतो. दुसरी गोष्ट म्हणजे संवेदना. पाण्याखाली आमिषाला माशाने नुसता स्पर्श केला, तरी चांगल्या कार्बनमधून तो बोटांपर्यंत पोहोचतो. पण तरंग्यावर डोळा ठेवून बसणाऱ्याला या संवेदनेचा काय उपयोग? त्याला तरंगा बुडालेला दिसतोच. आणि त्याची काठी तर बराच वेळ जमिनीत रोवलेल्या बेचक्यावर टेकलेली असते, तिचे वजन बेचके सोसते.

महाग म्हणजे मजबूत, ही समजूत मात्र सोडून द्यावी. कार्बन जितका उंची, तितकी काठीची भिंत पातळ, आणि तितकी ती दगडावरच्या आघाताला नाजूक. जाड फायबर ग्लासची काठी दगडावर आपटली, मुलांनी तिच्याशी तलवार तलवार खेळली, तरी बहुधा टिकते. उंची कार्बनच्या काठीवर डोळ्यांना न दिसणारा ओरखडा पडतो आणि पुढच्या रविवारी मोठा मासा लागला की ती नेमकी तिथेच कडकन मोडते. काठीवर कार्बनचे टक्के किंवा इंग्रजी अक्षरांपुढे आकडे छापलेले असतात, त्यांनीही भुलू नये. हे आकडे सर्व कंपन्यांना एकाच मापाने बांधलेले नाहीत. एका कंपनीचा आठ दुसरीच्या सहापेक्षा सरस असेलच असे नाही.

छापलेल्या मजकुरात खरोखर वाचण्यासारखे दोनच आकडे आहेत. किती ग्रॅमचे आमिष फेकता येईल, आणि किती पौंडांची तंगूस चालेल. मरळीच्या रबरी बेडकासाठी सात ते अठ्ठावीस ग्रॅमच्या आसपासची काठी बरी. यापेक्षा फार जड आमिष फेकले तर नवी कोरी काठीही फेकतानाच मोडू शकते, आणि ती बदलून द्यायला दुकानदार बांधील राहत नाही.

दुकानात गेल्यावर भिडस्तपणा ठेवू नये. आपले रीळ बरोबर न्यावे, काठीला लावावे आणि हातात धरून पाहावे. टोक सारखे खाली झुकत असेल तर ती काठी दिवसभर छळणार. एक डोळा मिटून मुठीकडून टोकाकडे पाहावे. तंगूस ओवायच्या सगळ्या कड्या एका रेषेत दिसल्या पाहिजेत. मग कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवावा. कापसाचे धागे अडकले तर कडीला चीर आहे असे समजावे, कारण तीच चीर उद्या तंगूस कापणार. सात फुटी काठीला टोकाची धरून आठ-नऊ कड्या असतात. स्वस्त काठीत चार-पाचच लावतात, मग वाकलेल्या काठीवर जोर सगळीकडे सारखा पडत नाही. दोन तुकड्यांची काठी असेल तर जोड घट्ट बसतो का, पिळल्यावर हलतो का, तेही पाहावे. छत्रीसारख्या उघडमीट होणाऱ्या काठ्या पिशवीत मावतात, मुलाच्या पहिल्या हौसेला ठीक आहेत, पण मरळीच्या ओढाताणीला त्यांचे सांधे फार दिवस पुरत नाहीत.

एवढे झाल्यावर पैशांचा हिशेब सोपा होतो. पाच-सहा हजारांची ऐपत असेल तर सगळे काठीत घालणे चूक. रीळ गुळगुळीत फिरणारे हवे, माशाने ओढ घेतली की तंगूस सैल सोडणारा त्याचा ब्रेक झटके न देता चालला पाहिजे, आणि तंगूस दर वर्षी नवी हवी. उन्हाने ती पिचते. बोथट गळ आणि जुनी तंगूस असेल तर वीस हजारांची काठीही रिकाम्या हाताने घरी येते. ज्याला वर्षातून चार रविवार मिळतात आणि जो रोहूसाठी बसतो, त्याला साधी फायबरची किंवा फायबर-कार्बन मिश्र काठी पुरेशी आहे. दर आठवड्याला मरळीमागे हिंडणाऱ्याने मध्यम किमतीची कार्बनची काठी घ्यावी, ते पैसे वसूल होतात. त्यापुढचे हजार हे हौसेचे हजार. हौसेला मोल नसते हे खरे, फक्त घरखर्चाच्या पैशांतून ते जाऊ नयेत.

किमतीच्या चर्चेत एक गोष्ट हमखास राहून जाते, आणि ती जिवावरची आहे. कार्बनमधून वीज वाहते. खेड्यांतल्या तळ्यांच्या काठावरून कितीतरी ठिकाणी विजेच्या तारा गेलेल्या असतात. आमिष फेकण्यासाठी काठी मागे उचलली आणि टोक किंवा ओली तंगूस तारेला लागली, तर माणूस जागच्या जागी जातो. मोठ्या विद्युतवाहिनीच्या बाबतीत प्रत्यक्ष स्पर्शाचीही गरज नसते, काठी फार जवळ गेली तरी वीज उडी घेते. आकाशातल्या विजेचेही तेच. छत्तीसगढमध्ये दर पावसाळ्यात वीज पडून माणसे दगावतात, त्यात उघड्यावर काम करणारे लोक जास्त असतात. सपाट माळावरच्या तळ्याकाठी सात फुटांची कार्बनची काठी उभी धरणे म्हणजे विजेला आवतण. पहिला गडगडाट ऐकताच काठी जमिनीवर आडवी ठेवून पक्क्या घरात किंवा मोटारीत जावे, झाडाखाली थांबू नये. बांबूची काठी आहे म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही, ओल्या बांबूतूनही वीज येते. मुलांना बरोबर नेणाऱ्या वडिलांनी तळ्यावर पोहोचल्यावर आधी मान वर करून तारा पाहाव्यात, मग पिशवी उघडावी.

विजांचे हे दिवस बऱ्याच अंशी बंदीचेही दिवस आहेत. राज्यात १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात मासे अंडी घालतात म्हणून नद्या-नाल्यांत आणि त्यांना जोडलेल्या पाण्यात मासेमारीला बंदी असते, आणि ती गळालाही लागू आहे. नदीशी संबंध नसलेल्या लहान तळ्यांना तेवढी सूट मिळते. पण बहुतेक तळी आणि जलाशय मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना किंवा ठेकेदारांना दिलेले असतात. त्यातले मासे त्यांनी बीज टाकून वाढवलेले असतात, त्यावर त्यांची घरे चालतात. तेव्हा परवानगी विचारूनच बसावे. मरळीची लालसर पिल्ले पाण्याच्या पृष्ठभागावर झुंडीने फिरताना दिसली, तर खाली त्यांची राखण करणारे आईबाप असतात. जाणते लोक तिथे गळ टाकत नाहीत. तो मासा भुकेने नव्हे, पिल्लांसाठी धावून येतो, आणि तो गेला की पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात.

घरी आल्यावर काठी गोड्या पाण्याने पुसून, कोरडी करून, कापडी पिशवीत घालून कपाटामागे उभी किंवा दोन खुंट्यांवर आडवी ठेवावी. मेच्या उन्हात बंद मोटारीत ठेवू नये, मुठीचा डिंक सुटतो. माशापेक्षा जास्त काठ्या मोटारीच्या दारात आणि घरातल्या छताच्या पंख्यात मोडतात, असे जुने गरीवाले सांगतात. नव्या काठीचे कौतुक पाहुण्यांना दाखवण्याआधी पंखा बंद करावा.