म्हैस, कोल्हा आणि डब्यातला पाऊस



मृग जवळ आला की आपल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये जनावरं शिरतात. यंदा अमुक नक्षत्राचं वाहन कोल्हा, तमुक नक्षत्राचं बेडूक, पुढं हत्ती, त्याच्या मागं गाढव. एकाच तक्त्याचा फोटो मला सकाळपासून सहा ग्रुपवर आलाय. त्यात एका ग्रुपचं नाव 'इयत्ता दहावी' आणि एक ग्रुप भजनी मंडळाचा. रोजच्या पानावर आपण कधी इतिहास, कधी गंमत, कधी शेतातलं काहीबाही लिहितो. आज या वाहनांबद्दल लिहितो, कारण पेरणी तोंडावर आहे आणि या गमतीपायी लोकांचं बी मातीत जातं.

आधी माहिती. वाहन नऊ. घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव आणि हत्ती. म्हैस, बेडूक, हत्ती आले की पाऊस भरपूर म्हणायचं, कारण ही पाण्यात रमणारी मंडळी. मोर, उंदीर, गाढव म्हणजे मध्यम. कोल्हा आणि मेंढा आले की ओढ. घोडा आला तर डोंगरावर पडणार. आता हे वाहन ठरवतं कोण? पुष्कळ जणांना वाटतं, कुणी जाणत्यानं ढग बघून, वारा बघून ठरवलं असेल. तसं काही नाय. सूर्य ज्या नक्षत्रात शिरतो तिथनं मोजायला लागायचं, त्या वेळी चंद्र ज्या नक्षत्रात असंल तिथपर्यंत मोजायचं, आणि आलेल्या आकड्याला नऊनं भागायचं. बाकी एक उरली तर घोडा, दोन उरली तर कोल्हा, तीन बेडूक, चार मेंढा, पाच मोर, सहा उंदीर, सात म्हैस, आठ गाढव, आणि काहीच उरलं नाय तर हत्ती. चौथीच्या पोराला जमंल असा भागाकार.

नक्षत्रं सत्तावीस, वाहनं नऊ. म्हणजे प्रत्येक जनावराच्या वाट्याला तीन-तीन. आणि चंद्र साधारण रोज एक नक्षत्र पुढं सरकतो. सूर्य नक्षत्रात एक दिवस उशिरा शिरला असता तर कोल्ह्याचा बेडूक झाला असता. एका दिवसात दुष्काळाचा सुकाळ! ढगाला यातलं काही विचारलेलं नसतं.

दुसरी गोष्ट. सूर्य-चंद्र सगळ्यांना सारखेच, म्हणून वाहनही सगळ्यांना एकच. आमच्या सातारा जिल्ह्याचंच घ्या. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि इकडं माण-खटावला पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात, एकाच कलेक्टरच्या हाताखाली. पंचांगातली म्हैस महाबळेश्वरला पण तीच आणि म्हसवडला पण तीच. तिकडं ती डुंबती, इकडं बिचारी चाऱ्याच्या छावणीत उभी असती.

आता कुणी म्हणंल, तात्या नास्तिक झाले. तसं नव्हे. पंचांग माझ्या घरात आहे, देवाच्या फळीवर आहे, आणि सणवार त्यावरच होतात. नक्षत्रांची गावाकडची नावं तर मला फार आवडतात. पुनर्वसूला आपण तरणा पाऊस म्हणतो, पुष्याला म्हातारा. आश्लेषा म्हणजे आसळका. मघाचा पाऊस सासूचा आणि पूर्वाचा सुनेचा. त्यातला जोराचा कोणता, हा विषय आमच्या घरात आई आणि मंडळी दोघी एका जागी बसलेल्या असताना काढायचा नाय असा अलिखित ठराव आहे. ही नावं ज्यांनी ठेवली त्यांनी पाऊस नीट बघितला होता. तरण्या पावसाचा जोर आणि म्हाताऱ्याची रिपरिप, हे अंगावर घेतल्याशिवाय सुचत नाय. बघून ठेवलेलं नाव वेगळं आणि भागाकार करून काढलेलं जनावर वेगळं. आपण दोन्ही एकाच पिशवीत भरतो, तिथं माझी तक्रार आहे.

शाळेत आम्ही पाठ केलं होतं, मृग ७ जूनला लागतो. आता बहुतेक वर्षी ८ जून लिहिलेलं असतं. हे कसं? तर नक्षत्रांचं वर्ष आणि ऋतूंचं वर्ष यात वीस मिनिटांचा फरक आहे. वीस मिनिटं म्हणजे चहाला लागतात तेवढी, पण साठत गेली की साधारण सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस होतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी मकर संक्रांत होती. आज संक्रांत १४ ला, कधी १५ ला येती. (मधी १९०० साली लीप वर्ष धरलं नव्हतं, त्याचाही एक दिवस त्यात आहे.) मृगही तसाच सरकतोय. पाऊस मात्र नक्षत्राच्या मागं जात नाय, तो ऋतूबरोबर राहतो. हजार वर्षांपूर्वी कुणी अनुभवानं बसवलेला आडाखा खरा होता असं धरलं, तरी आज तो दोन आठवडे हललेला आहे. पेरणीत दोन आठवडे म्हणजे किती, ते मी तुम्हाला सांगायला नको.

आणि २०२५ साल आठवा. २६ मे ला मान्सून मुंबईत. मृगाला अजून दोन आठवडे होते, रोहिणी नुकती लागलेली. लोकांनी वखर सोडून तिफणी काढल्या. मग काय झालं? पाऊस पुढं यायचा थांबला, तो जूनच्या मध्यापर्यंत. कृषी खातं सांगत होतं, घाई करू नका. पण खात्याचा निरोप एका ग्रुपवर आणि जनावरांचा तक्ता सहा ग्रुपवर.

सरकारी हवामानवाल्यांची पण एक गंमत सांगतो. हवामान खातं सुरू झालं १८७५ साली, कलकत्त्याला. ब्लॅनफर्ड नावाचे पहिले साहेब होते, ते हिमालयावर बर्फ किती पडलं ते बघून पावसाचा अंदाज सांगायचे. १८८६ ला पहिला अंदाज दिला. पुढं १९०४ ला गिल्बर्ट वॉकर आले. हे मूळचे गणिती. केंब्रिजला असताना बूमरँग फेकायचा इतका नाद, की लोक त्यांना बूमरँग वॉकर म्हणायचे. या माणसानं जगभरच्या हवेच्या दाबाचे, तापमानाचे आकडे गोळा केले, हाताखालच्या कारकुनांकडून ढीगभर हिशेब करून घेतले, कारण कॉम्प्युटर नव्हता. त्यातनं त्यांना दिसलं, की पॅसिफिक समुद्राच्या एका बाजूला हवेचा दाब वाढला की दुसरीकडं कमी होतो, झोक्यासारखं. आज टीव्हीवर एल निनो, एल निनो करतात त्याची एक मुळी तिथं आहे. निघाले होते आपल्या पावसाचं कोडं सोडवायला, हाताला लागला सगळ्या जगाच्या हवेचा धागा. आपला पाऊस मात्र त्यांनाही पुरता सापडला नाय.

पुण्याला शिवाजीनगरला शिमला ऑफिस चौक आहे, बसनं जाताना कंडक्टर ओरडतो. मला लहानपणी वाटायचं तिथं सफरचंदं मिळत असतील. ते नाव या हवामान खात्याचं. खात्याचं मुख्य ऑफिस आधी शिमल्याला होतं, १९२८ ला पुण्याला आलं, आणि येताना नाव घेऊन आलं.

तर या खात्याचा अंदाजही आंधळेपणानं घेऊ नका. ९६ ते १०४ टक्के म्हणजे सर्वसाधारण पाऊस असं ते सांगतात, पण ते सगळ्या देशाचं, चार महिन्यांचं. देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर. त्यात मेघालय पण आलं आणि माझं बांधाकडंचं दोन एकरही आलं. कोल्ह्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं, त्यात चुकलं तर कुठं चुकलं ते तपासतात. पण माझ्या रानात आज ओल किती हे ना पुण्याला कळतं ना दिल्लीला.

मागं आमच्या शिवारातल्या एका पोरानं मृगात एका चांगल्या पावसावर सोयाबीन टाकलं. पाऊस तीस मिलिमीटरच्या आतला होता. वरची ढेकळं भिजली होती, खाली खुरपं घातलं की धुरळा. पंधरा दिवस उघडीप पडली, उगवलेलं करपलं आणि न उगवलेलं मुंग्यांनी नेलं. मला म्हणाला, "तात्या, वाहन म्हैस होती की ओ."

मी म्हटलं, "होती, पण भाकड निघाली."

दोघं हसलो. नंतर कळलं, बियाणं दुकानातनं उधारीवर आणलं होतं, आणि दुबार पेरणीला ट्रॅक्टरवाल्यानं रोख मागितलं. बायकोच्या गळ्यातलं गेलं गहाण. त्या म्हशीचा विषय परत आमच्यात निघाला नाय.

कृषी विद्यापीठवाले वर्षानुवर्षं एकच सांगतात, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पण आपल्याला मिलिमीटर कळतो कुठं? आपलं माप म्हणजे 'ओढा आला', 'बांध फुटला', 'पागोळ्या गळल्या'. म्हणून सांगतो, एक डबा घ्या. सरळ उभ्या बाजूचा, वर-खाली एकाच रुंदीचा. झाडापासून आणि भिंतीपासून लांब, उघड्यावर, वाऱ्यानं पडणार नाय असा बसवा. रोज सकाळी साडेआठला पोराची पट्टी आत घाला. जितके मिलिमीटर पाणी, तितका पाऊस. बघितलं की ओतून टाका. हवामान खातं पण साडेआठलाच मोजतं, त्यामुळं मेळ बसतो. बाजारात पर्जन्यमापक मिळतो, तो बारीक पावसाला अचूक. पण पेरू का नको, एवढं ठरवायला डबा पुरतो.

या एका मिलिमीटरची किंमत बघा. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चार हजार लिटर पाणी. पंचवीस मिलिमीटर पडला तर एक लाख लिटर. आमच्याकडं उन्हाळ्यात पाच हजार लिटरचा टँकर यायचा, तेव्हा हंडे घेऊन रांगा लागायच्या. तसले वीस टँकर एका एकरात, एका रात्रीत, फुकट. हे डोक्यात आलं तेव्हापासून मी बांधबंदिस्तीच्या कामाला दरवर्षी न चुकता पैसे ठेवतो.

आमचे वडील फार शिकलेले नव्हते, पण कॅलेंडरच्या चौकोनात लिहायचे. १९७३ ला कालनिर्णय निघालं, तेव्हापासनं भिंतीवर तेच. मंडळींना त्याच्या पाठीमागच्या पाककृती, वडिलांना पुढचे चौकोन. एका चौकोनात दुधाचा हिशेब, त्याच्या खाली 'ओढा आला', 'बाजरी टाकली', 'कपिला व्याली'. कुठल्या सालात बाजरी किती तारखेला टाकली आणि मग पाऊस कसा झाला, हे मला त्यातनं सापडतं. दहा-बारा वर्षांची कॅलेंडरं उंदरांनी खाल्ली, बाकीची पत्र्याच्या पेटीत आहेत. त्यांच्या शेजारी आता माझी वही, तिच्यात आकडे.

या वहीला सरकारदरबारी किंमत नाय, ते ठाऊक आहे. २४ तासांत मंडळात ६५ मिलिमीटर पडला तर अतिवृष्टी, आणि तो आकडा मंडळाच्या ठिकाणच्या यंत्राचा. ते यंत्र आमच्यापासून लांब, मधी डोंगर. एकदा आमच्या रानात कांदा वाहून गेला आणि यंत्रावर पाऊस किरकोळ दिसला. वही दाखवली तर ऐकून घेतलं आणि परत दिली. पण चार गावांतल्या चाळीस जणांनी साडेआठला डबे मोजले आणि रोज लिहून ठेवले, तर ऐकून घेणाऱ्यालाही दुसऱ्यांदा बघावं लागंल असं माझं मत आहे. म्हणून हा एवढा पसारा लिहिला.

जाता जाता पावशा पक्ष्याबद्दल. सध्या पहाटेपासून 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणून जीव खातोय. हा पक्षी स्वतः घरटं बांधत नाय. याची मादी सातभाईच्या घरट्यात अंडं घालती आणि पोर सातभाई वाढवतात. आपण पेरायचं नाय, वाढवायचं नाय, दुसऱ्याला मात्र घाई करायची. मोबाईलवर रोज सकाळी सल्ला पाठवणारे दोघं-तिघं मला तसलेच वाटतात, नावं घेत नाय.

आज सकाळी साडेआठला माझ्या डब्यात १४ मिलिमीटर. कालपर्यंतचे २३, एकूण ३७. खुरपं चार बोटं ओल दाखवतंय, खाली कोरडं. तिफण अजून गोठ्यातच आहे. तुमच्याकडं किती झाला, गावाचं नाव टाकून खाली लिहा. अंदाजे लिहू नका, मोजून लिहा. वाहन कोणतं ते लिहिलं नाय तरी चालंल.